खेळण्यातला ढोल आणि पोलादी बटण : एमिल बर्लिनर (१८५१–१९२९)

दुबई मरीनातल्या आपल्या वर्गाच्या मुलांनी घरोघरच्या आजी-आजोबांची मराठी गाणी आणि कीर्तनातली पदे मुद्रित करून ठेवायला घेतली आहेत. कीर्तनांची जुनी छापील पुस्तके काही घरांत अजून आहेत. त्यांत पदाच्या डोक्यावर साकी, दिंडी, ओवी असे लिहिलेले असते, किंवा चाल म्हणून त्या काळच्या एखाद्या नाटकातल्या पदाचे पहिले शब्द दिलेले असतात. ते नाटकातले पदच आज कोणाला येत नसेल, तर त्या चालीचा पत्ता कागदावरून लागत नाही. ती म्हणणाऱ्याच्या गळ्यात असते, आणि गळे म्हातारे होत चालले आहेत. म्हणून हे काम घाईचे. काम सुरू होताच सगळ्या घरांत एकच प्रश्न निघाला : मायक्रोफोन कोणता घ्यायचा?

दुकानात त्याचे इतके प्रकार आहेत की माणूस गोंधळून रिकाम्या हाताने परत येतो. पण या वस्तूच्या अगदी सुरुवातीला ज्यांचे नाव आहे ते एमिल बर्लिनर आपल्यासारखेच यहुदी होते, त्यांची शाळा चौदाव्या वर्षी संपली होती, आणि त्यांचा पहिला मायक्रोफोन मुलांच्या खेळण्यातला ढोल मोडून केलेला होता. त्यांचे चरित्र समजले की दुकानातला गोंधळही पुष्कळ कमी होतो.

एमिलचा जन्म २० मे १८५१ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर शहरात झाला. वडील सॅम्युएल हे व्यापारी आणि तालमूदचे अभ्यासक, आई सारा हिला संगीताची आवड. घरात तेरा भावंडे. मुलगा वोल्फेनब्युटेल येथील सॅमसन शाळेत शिकला. ही यहुदी मुलांची नावाजलेली शाळा होती. यहुदी इतिहासाचे थोर संशोधक लिओपोल्ड झुन्झ हे याच शाळेचे विद्यार्थी. एमिलचे अक्षर सुंदर होते, असे म्हणतात. बाकी शाळेत त्याने काही पराक्रम केल्याची नोंद नाही. १८६५ साली शाळा सुटली. एवढ्या मोठ्या कुटुंबात पुढे शिकवायची ऐपत नव्हती. मुलगा छापखान्यात आणि मग कापडाच्या दुकानात नोकरीला लागला.

१८६६ साली हॅनोव्हर प्रशियाच्या ताब्यात गेले आणि तिथल्या तरुणांना प्रशियाच्या सैन्यात भरती होणे भाग झाले. एमिलने घरच्यांच्या संमतीने वेगळी वाट धरली. वॉशिंग्टनला एका ओळखीच्या कुटुंबाचे कापडाचे दुकान होते. एप्रिल १८७० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षाला महिनाभर बाकी असताना, तो हॅम्बुर्गहून बोटीत बसला. त्यानंतर थोड्याच महिन्यांत फ्रान्स आणि प्रशियाचे युद्ध पेटले.

अमेरिकेतली पहिली सहा-सात वर्षे हमालीचीच म्हणायची. वॉशिंग्टनला दुकानात कारकुनी झाली. मग न्यूयॉर्कला कॉन्स्टंटाइन फालबर्ग यांच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याचे काम मिळाले. हे फालबर्ग पुढे सॅकरिनच्या शोधामुळे प्रसिद्ध झाले. दिवसा बाटल्या धुवायच्या आणि संध्याकाळी कूपर इन्स्टिट्यूटच्या वाचनालयात जाऊन बसायचे, असा क्रम होता. एका औषधविक्रेत्याने पदार्थविज्ञानाचे एक जर्मन पुस्तक दिले, त्यातून वीज आणि ध्वनी हे दोन विषय मनात बसले. १८७६ साली बर्लिनर वॉशिंग्टनला पुन्हा त्याच दुकानात परतले. तेच वर्ष अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या टेलिफोनचे.

बेल यांच्या टेलिफोनमध्ये एक मोठी उणीव होती. ऐकू यायचे, पण बोलणाऱ्याला घसा ताणून ओरडावे लागे. कारण असे की त्या यंत्रात वीज बाहेरून येत नव्हती. बोलणाऱ्याच्या आवाजाने पडदा हले, पडद्याच्या हालचालीने लोहचुंबकाजवळच्या तारेत वीज निर्माण होई आणि तीच पुढे जाई. म्हणजे विहिरीतले पाणीही आवाजानेच उपसायचे आणि ते गावापर्यंतही आवाजानेच वाहून न्यायचे. माणसाच्या आवाजात तेवढे बळ कुठले?

बर्लिनर यांना उत्तर सापडले ते एका तारमास्तरामुळे. आगीची वर्दी देणाऱ्या तारयंत्राच्या कार्यालयात त्यांचा एक मित्र होता. त्याच्याकडे ते गंमत म्हणून तारेची कळ दाबायला शिकत होते. मित्राने सांगितले की कळ नुसती टेकवू नकोस, जोराने दाब. दाब जास्त असला की वीज जास्त जाते. लांबच्या तारेवर तर हे फारच जाणवते. शिकवणाऱ्याला ही कामातली साधी खूण होती. ऐकणाऱ्याच्या डोक्यात मात्र दिवा लागला. दाब बदलला की वीज बदलते, तर मग बोटाच्या जागी आवाजाचा दाब का नको? वीज बॅटरीतून घ्यावी. आवाजाने फक्त ती कमी-जास्त करावी. पाणी टाकीत भरलेलेच आहे, आवाजाने तोटी फिरवायची एवढेच.

भाड्याच्या खोलीत रात्री बसून त्यांनी हे करून पाहिले. मुलांचा लाकडी ढोल घेतला, त्याच्या पडद्याला सुई लावली, सुईला कपड्याचे पोलादी बटण जेमतेम टेकेल असे ठेवले. जोडणीला गिटारची तार वापरली. नंतरचा नमुना साबणाच्या खोक्यातून झाला. यातली एकही वस्तू प्रयोगशाळेची नव्हती. १४ एप्रिल १८७७ रोजी त्यांनी सरकारी पेटंट कचेरीत आपल्या शोधाची पूर्वसूचना दाखल केली. थॉमस एडिसन यांनी त्याच तत्त्वाचा आपला अर्ज दिला तो २७ एप्रिलला, म्हणजे तेरा दिवसांनी.

या तेरा दिवसांवरून पुढे पंचवीस वर्षे भांडण चालले. बेल कंपनीने बर्लिनर यांचा हक्क विकत घेतला, त्यांना नोकरीवर घेतले. पेटंट मात्र हातात पडले १८९१ साली, चौदा वर्षांनी. सरकारनेच ते रद्द करावे म्हणून दावा लावला. १८९७ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा दावा फेटाळला. मग पुन्हा इतर कोर्टांत वाद चालले आणि त्या निकालांनी बर्लिनर यांचा हक्क इतका आखडला की अमेरिकेतली पुस्तके कार्बनच्या मायक्रोफोनचे श्रेय बहुधा एडिसनला देतात. इंग्लंडमध्ये डेव्हिड ह्यूज यांनीही १८७८ साली तेच तत्त्व स्वतंत्रपणे दाखवले होते. खरे पाहता तिघांनाही ते सुचले होते. परंतु सर्वांत आधी नोंद कोणाची, याविषयी कागद स्पष्ट आहे. एवढे आपल्या मुलांना माहीत असावे. एडिसनचे नाव त्यांना शाळेत शिकवतीलच.

ते मूळ तत्त्व, सुटे कार्बनचे कण भरून सुधारलेले, टेलिफोनमध्ये शंभर वर्षे टिकले. जुना काळा फोन खरखरू लागला की घरातली मोठी माणसे रिसिव्हर टेबलावर हलकेच आपटत. ते रागाने नव्हे. घट्ट बसलेले कण सुटे व्हावेत म्हणून.

आता मुलांच्या प्रश्नाकडे यायला हरकत नाही. गाण्यासाठी आज दुकानात मुख्यतः दोन जातींचे मायक्रोफोन मिळतात, आणि त्यांत बेल आणि बर्लिनर यांचा जुना फरक जसाच्या तसा दिसतो. पहिला डायनॅमिक. यात पडद्याला तारेचे वेटोळे असते, ते चुंबकात हलते आणि वीज तयार होते. हा बेल यांच्या घराण्यातला. बाहेरची वीज लागत नाही, दणकट असतो, पण आवाज जवळून आणि जोरकस हवा. दुसरा कंडेन्सर. तो १९१६ साली एडवर्ड वेंटे या अमेरिकन तंत्रज्ञाने तयार केला. त्याची रचना बर्लिनर यांच्या बटणापेक्षा निराळी आहे, पण हिशेब तोच : शक्ती बाहेरून द्यायची, बहुधा ४८ व्होल्टची, आणि आवाजाने तिच्यात फक्त फरक पाडायचा. त्यामुळे तो नाजूक आवाजही टिपतो. तो सगळेच टिपतो, हीच त्याची अडचण.

मरीनातली घरे म्हणजे मोठमोठ्या काचा, फरशी, उघड्या भिंती आणि अखंड चालणारे एसी. खाली ट्राम जाते, रात्री बोटींवरचे संगीत वर येते, मोटारींचे आवाज वेगळेच. अशा दिवाणखान्यात कंडेन्सर ठेवला तर आजोबांच्या पदापेक्षा काचेवरून परतलेला घुमारा आणि एसीची घरघर अधिक येईल. तिथे डायनॅमिकच बरा, तोही तोंडापासून चार बोटांवर, किंचित तिरका. तिरका एवढ्यासाठी की मराठीतले फ, भ, ठ, ख हे उच्चार वाऱ्याचा फटका मारतात. समोर जाळी लावली तर अधिक चांगले. पण एखादी आजी असा ठोकळा तोंडाशी धरून गायला तयार नसते. ती लाजते, मागे सरकते, मान वळवून कोणाशी तरी बोलते आणि मधूनच गाऊ लागते. तिच्यासाठी कंडेन्सर घ्यावा, हातभर अंतरावर ठेवावा, आणि जागा निवडावी ती झोपण्याच्या खोलीतली : कपड्यांचे कपाट उघडे, मागे गोधडी टांगलेली, एसी तीन मिनिटे बंद. तीन मिनिटांत एक पद होते. मायक्रोफोनची किंमत पाहण्याआधी गाणार कोण आणि कोणत्या खोलीत, हे पाहावे. महाग कंडेन्सर काचेच्या खोलीत फुकट जातो. आणि अर्थात शब्बाथ सुटेपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही. शनिवारी हबदाला झाल्यावर, रात्री उशिरा, रहदारीही जरा कमी असते.

रात्रीची वेळ निवडण्याला आपल्याच समाजातल्या कामाचा दाखला आहे. हिंदुस्थानातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत मॅजेस्टिक चित्रगृहात लागला. तो ज्या नाटकावरून घेतला ते नाटक जोसेफ डेव्हिड या बेने इस्राएल लेखकाचे. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ होता, म्हणून गाड्या थांबल्यावर रात्री एक ते चारच्या दरम्यान चित्रण करीत आणि मायक्रोफोन नटांच्या आसपास लपवून ठेवीत. त्या बोलपटाची प्रत आज कुठेच उरलेली नाही.

बर्लिनर यांच्याकडे परत येऊ. १८८१ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले, त्याच वर्षी कोरा अ‍ॅडलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे सात मुले झाली. भाऊ जोसेफबरोबर त्यांनी हॅनोव्हरला टेलिफोनचा कारखाना काढला. थोड्याच वर्षांत बेल कंपनीची नोकरी सोडून ते वॉशिंग्टनला स्वतंत्रपणे काम करू लागले.

एडिसनचा फोनोग्राफ तोवर लोकांना माहीत झाला होता. त्यात आवाज नळकांड्यावर उमटे. एका गाण्याच्या हजार प्रती काढायच्या तर गाणाऱ्याने ते पुन्हा पुन्हा गायला हवे. बर्लिनर यांनी नळकांडे सोडून सपाट तबकडी घेतली. जस्ताच्या तबकडीवर मेणाचा पातळ थर, त्यावर सुईने नागमोडी रेघ, मग आम्लात बुडवून ती रेघ जस्तात कोरायची, आणि त्या तबकडीवरून साचा करून हव्या तेवढ्या प्रती छापायच्या. पुस्तक छापावे तसा आवाज छापायचा. लहानपणी छापखान्यात केलेल्या नोकरीचा यात काही वाटा असेल असे वाटल्यावाचून राहत नाही. १८८७ साली पेटंट मिळाले, १६ मे १८८८ रोजी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी यंत्र दाखवले. नाव ठेवले ग्रामोफोन. हा शब्द त्यांचाच. सुरुवातीला जर्मनीतल्या एका खेळणी-कारखान्याने ते मुलांचे खेळणे म्हणून विकले. खऱ्या विक्रीच्या तबकड्या १८९४ पासून निघाल्या. त्या आधी कठीण रबराच्या होत्या, नंतर लाखेच्या. ही लाख मुख्यतः हिंदुस्थानच्या जंगलांतून जाई.

इथे या चरित्रातली सर्वांत विचित्र गोष्ट येते. मायक्रोफोन करणाऱ्या माणसाच्या ग्रामोफोनमध्ये मायक्रोफोन नव्हता. मुद्रण करताना गायक एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गाई, आणि त्या आवाजाच्याच बळावर सुई हले. म्हणजे बेल यांच्या टेलिफोनमधली जी उणीव बर्लिनर यांनी दूर केली, ती त्यांच्या स्वतःच्या दुसऱ्या यंत्रात तशीच राहिली. त्यांच्यावर दोष ठेवता येत नाही. मायक्रोफोनची क्षीण वीज सुई हलवण्याइतकी वाढवायचे साधनच तेव्हा नव्हते. पण परिणाम मोठा झाला. ज्यांचा आवाज खणखणीत, ते कर्ण्यात टिकले. ज्यांचा आवाज हलका, मृदू, ते तबकडीवर जेमतेम उमटले किंवा बोलावलेच गेले नाहीत.

हिंदुस्थानात हा कर्णा आला १९०२ च्या नोव्हेंबरात. बर्लिनर यांच्याच हाताखाली तयार झालेले फ्रेड गाइसबर्ग लंडनच्या ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताच गौहरजान आपले नाव मोठ्याने सांगत. मूळ मुद्रिका प्रती काढण्यासाठी हॅनोव्हरला जात, बर्लिनर बंधूंच्या कारखान्यात, आणि तिथल्या कामगारांना गायिका कोण ते त्यावरून कळे. तासभर रंगणारा राग तीन मिनिटांत बसवावा लागला तो याच काळात. आपल्याकडे संगीत नाटकाचा बहर चालू होता. बालगंधर्वांचा गळा तबकड्यांमुळे आजही घरोघर ऐकता येतो. त्यांच्या आधी ज्यांच्या गाण्याने महाराष्ट्र वेडा झाला होता, ते भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले. कर्णा कलकत्त्याला पोचण्याच्या आदल्या वर्षी. त्यांचा आवाज कसा होता ते फक्त वर्णनातून समजते.

बर्लिनर यांना मात्र याच सुमारास आपल्याच देशात धंदा बंद करावा लागला. फ्रँक सीमन नावाचा त्यांचा विक्रीचा मक्तेदार उलटला, दुसऱ्याच नावाचे यंत्र विकू लागला आणि प्रतिस्पर्धी कंपनीशी हातमिळवणी करून कोर्टात गेला. जून १९०० मध्ये मनाईहुकूम निघाला. ज्याने ग्रामोफोन केला त्याला अमेरिकेत ग्रामोफोन विकायची बंदी! त्यांनी बस्तान कॅनडात मॉन्ट्रियलला हलवले. कर्ण्यासमोर कान देऊन बसलेल्या कुत्र्याचे चित्र आपण रेकॉर्डवर पाहिलेले असते. ते अमेरिकेत नोंदवले बर्लिनर यांनीच, त्याच १९०० साली. पण अमेरिकेतला नफा त्यांचे यंत्रकार एल्ड्रिज जॉन्सन यांच्या व्हिक्टर कंपनीकडे गेला, आणि ग्रामोफोन हा शब्दसुद्धा त्या देशात मागे पडला. तो हिंदुस्थानात, मराठीत, अधिक जगला.

घरातल्या एका दुखण्याने त्यांचे लक्ष निराळ्याच कामाकडे वळले. तान्ही मुलगी पोटाच्या विकाराने अत्यवस्थ झाली. ती वाचली, पण न तापवलेल्या दुधाने किती बाळे दगावतात याचा त्यांनी शोध घेतला आणि पुढची अनेक वर्षे दूध तापवून द्या, हे आयांना पटवण्यासाठी पैसा आणि वेळ खर्च केला. मुलांसाठी आरोग्याच्या कविताही लिहिल्या. आपल्या घरांत दूध उतू जाईपर्यंत तापवण्याची चाल पूर्वापार. अमेरिकेत ते सांगायला ग्रामोफोनवाल्याला रस्त्यावर यावे लागले. १९०८ साली आईच्या नावाने त्यांनी विज्ञानात संशोधन करणाऱ्या स्त्रियांसाठी शिष्यवृत्ती ठेवली. त्या काळी हे विशेषच होते. मुलगा हेन्री याच्याबरोबर हेलिकॉप्टरचे प्रयोगही केले. धर्माच्या बाबतीत ते वडिलांसारखे श्रद्धाळू राहिले नाहीत, तरी समाजाशी नाते तोडले नाही. उतारवयात त्यांनी पॅलेस्टाइनच्या उभारणीला आणि जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाला साहाय्य केले.

१९२५ साली, त्यांच्या वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांचे दोन शोध अखेर एकत्र आले. विजेवर मुद्रण सुरू झाले, कर्णा गेला, आणि गाणाऱ्यासमोर मायक्रोफोन आला. त्यांच्या ढोलाला तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती. आता हळू गुणगुणणाराही तबकडीवर उमटू लागला. त्याच सुमारास बर्लिनर स्वतः सभागृहांच्या भिंतींमागे लागले होते. घुमारा आवरण्यासाठी सच्छिद्र सिमेंटच्या फरश्या बनवून त्या भिंतींना बसवायच्या, हे त्यांचे शेवटचे मोठे काम. यंत्र कितीही चांगले केले तरी खोली आवाज बिघडवते, हे त्यांना पन्नास वर्षांनी कळले होते. मरीनात ते पहिल्याच दिवशी कळते.

३ ऑगस्ट १९२९ रोजी वॉशिंग्टनला त्यांचे निधन झाले. वय ७८. मरणोत्तर काय करावे ते त्यांनी लिहून ठेवले होते. अंत्ययात्रेवर खर्च करू नये, तो पैसा तान्ही मुले असलेल्या गरीब आयांना द्यावा, बेथोव्हेनच्या ‘मूनलाइट’ सोनाटाचा पहिला भाग वाजवावा, आणि संध्याकाळी सूर्य मावळण्याच्या सुमारास दफन करावे.